तारण काय ठेवणार? : दांडिया बाजारातला एक वाडा आणि माझी नोकरी

दांडिया बाजारातल्या पाडलेल्या वाड्यांची यादी इथे निघाली तेव्हा एका वाड्याबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नाही. तो वाडा विकला गेला त्या फायलीवर माझी सही आहे. पस्तीस वर्षांहून जास्त काळ झाला. आता सत्तरी ओलांडली, तेव्हा म्हटलं लिहून टाकावं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घराणं बडोद्यातल्या शेकडो मराठी घरांसारखंच. पणजोबा गायकवाडांच्या चाकरीला म्हणून आले ते इथलेच झाले. आजोबा खानगी खात्यात कारकून. वडील बँक ऑफ बरोडात, मांडवीला. मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून कॉमर्स केलं, कॉस्ट अकाउंटन्सीच्या परीक्षा दिल्या आणि १९७६ साली एका वित्तसंस्थेत लागलो. नाव सांगत नाही. छोट्या कारखान्यांना मुदतीची कर्जं द्यायची हे तिचं काम. घरी पेढे वाटले गेले. आई म्हणाली, "आता पेन्शनीपर्यंत चिंता नाही." तीन पिढ्या आम्ही दुसऱ्यांच्या पैशाचा हिशोब ठेवत आलो होतो आणि त्यात आमचं बरं चाललं होतं.

पण बडोद्याचा इतिहास फक्त नोकरदारांचा नाही, हे आपणच विसरतो. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली कलाभवन निघालं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख. रंगकाम, रसायन, यंत्रविद्या असली शिक्षणं तिथे मिळत. गज्जरांच्या विद्यार्थ्यांपैकी एक कोटिभास्कर. आडनाव ऐकूनच कळतं की आपला माणूस. १९०७ साली अलेम्बिक उभी राहिली ती गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यातून. आज गोरव्याकडे जाताना अलेम्बिकचा परिसर दिसतो, पण त्यातलं मराठी नाव किती बडोदेकरांना ठाऊक आहे? दुसऱ्याच वर्षी, जुलै १९०८ मध्ये, बँक ऑफ बरोडा निघाली, दहा लाखांच्या वसूल भांडवलावर. महाराजांना उमगलं होतं की नुसतं शिकवून भागत नाही, शिकलेल्याला पैसाही लागतो.

बेळगावकर मंडळींना तर याहून मोठं उदाहरण घरचंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला. १९१० साली जागा सोडायची पाळी आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळची माळरानाची जमीन दिली, वर भांडवलाला हातभार लावला. त्या माळरानाचा ताळेबंद कोण बघणार होतं? पंतांनी माणूस बघितला. मी नोकरीत असताना ही गोष्ट भाषणातून पुष्कळदा ऐकली आणि टाळ्या वाजवून दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन अर्जदाराला पहिला प्रश्न विचारला, "तारण काय ठेवणार?"

हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कर्ज देणाऱ्याच्या हातात जो पैसा असतो तो ठेवीदारांचा, रोखेदारांचा असतो. कारखाना कितीही फळफळला तरी कर्ज देणाऱ्याला ठरलेल्या व्याजापलीकडे एक पै मिळत नाही. बुडाला तर मात्र मुद्दलही जातं. म्हणजे चांगलं झालं तर थोडंसं आणि वाईट झालं तर सगळं. असा व्यवहार करणारा माणूस फक्त वाईटाचाच विचार करणार. पंधरा वर्षांत माझी नजर तशीच तयार झाली होती. अर्ज हातात आला की मी मागून वाचायला लागायचो. आधी तारणाचं पान, मग जामीनदार, मग प्रवर्तकाचा स्वतःचा वाटा. तो माणूस नक्की काय बनवणार आहे हे सगळ्यात शेवटी.

आता तो वाडा.

सत्तरच्या दशकात बडोदा बदललं होतं. कोयलीची रिफायनरी, खतांचा कारखाना, आयपीसीएल, नंदेसरीची रसायनं. या मोठ्या कारखान्यांत लागलेले इंजिनीअर चार-सहा वर्षांनी बाहेर पडून मकरपुरा जीआयडीसीत शेड घ्यायचे आणि जुन्या मालकालाच माल पुरवायचे. त्यातलेच हे एक. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही तेच लिहितो. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठे. आमच्या आया एकाच भजनी मंडळातल्या. रसायनांच्या कारखान्यात तापमान मोजून आपोआप उष्णता कमी-जास्त करणारी उपकरणं तेव्हा बहुतेक बाहेरून यायची. भाऊंनी तसं उपकरण इथे तयार केलं होतं. मी बघितलंय ते, लाकडी फळीवर तारा पसरून मांडलेलं. चालत होतं.

१९८३ साली आम्ही त्यांना सहा लाख कर्ज मंजूर केलं, साडेतेरा टक्क्यांनी. यंत्रं तारण होतीच. पण उपकरणाला बाजार आहे का हे आमच्या कोणाला समजत नव्हतं, म्हणून जास्तीचं तारण म्हणून वाडा घेतला. तो काकूंच्या, म्हणजे भाऊंच्या आईच्या, नावावर होता. कागदांवर सही करायला काकू ऑफिसात आल्या तेव्हा खुर्चीच्या कडेला बसून मला म्हणाल्या, "तू आहेस ना इथे, मग मला काय कळायचंय?"

हिशोब सांगतो, कारण गोष्टीची सगळी मेख त्यातच आहे. सहा लाखांवर वर्षाचं व्याज ८१ हजार. मुद्दलाच्या हप्त्याला दीड वर्षाची सवलत होती, व्याजाला नव्हती. भाऊंचे काही भाग परदेशातून यायचे होते, त्याच्या परवान्यात आठ महिने गेले. माल हातात नाही आणि व्याजाचा सहामाही हप्ता मात्र दारात. पहिल्या पुऱ्या वर्षात विक्री झाली तीन लाख वीस हजारांची. त्यातून कच्चा माल, चार माणसांचा पगार, वीज, भाडं. उरलं काय? व्याज भरायला त्यांनी बाजारातून हातउसने घेतले, मग ते फेडायला गिऱ्हाइकांकडून आगाऊ रकमा उचलल्या, मग त्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत. उपकरण वाईट नव्हतं. त्याला पैसे देण्याची रीत वाईट होती. रोपाला पहिल्या पावसातच फळं मागितल्यासारखं झालं.

१९८७ मध्ये वसुलीची टिपणी माझ्या टेबलावर आली. मला ती वरच्यांकडे 'चर्चा करावी' म्हणून ढकलता आली असती. माझे एक सहकारी नेहमी तसंच करत आणि सुखी होते. मी नियमाप्रमाणे सही केली. पुढच्या वर्षी वाडा विकला गेला. भाऊ तरसालीला दोन खोल्यांत राहायला गेले आणि एका कारखान्यात पुन्हा नोकरीला लागले. काकू चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आल्या. नेहमीसारख्या पन्हं प्यायल्या, आईशी बोलल्या. माझ्याकडे बघून फक्त म्हणाल्या, "बरा आहेस ना?" त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

याच सुमारास देशात एक नवी गोष्ट चालू झाली होती, पण बडोद्यात ती फारशी कोणाच्या कानावर नव्हती. परदेशातून तंत्रज्ञान आणण्यासाठी जो पैसा जायचा त्यावर १९८६ च्या कायद्याने पाच टक्के उपकर बसला आणि त्यातून आयडीबीआयकडे देशी तंत्रज्ञानासाठी एक निधी आला. १९८८ साली आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून बंगलोरला टीडीआयसीआय नावाची कंपनी काढली. त्या कंपनीची धुरा किरण नाडकर्णींकडे होती, आयसीआयसीआयमधलेच. पुढे मुंबईच्या मास्टेकसारख्या तेव्हा लहान असलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत टीडीआयसीआयनेच पैसा घातला. नाडकर्णी पुढे अमेरिकेतल्या ड्रेपर इंटरनॅशनलचं भारतातलं काम बघू लागले. वित्तसंस्थेतला माणूस व्हेंचर कॅपिटलकडे कसा गेला याचं आपल्याकडचं हे पहिल्या फळीतलं उदाहरण. नोव्हेंबर १९८८ मध्ये सरकारने नियम जाहीर केले. पैसा द्यायचा तो दहा कोटींच्या आतल्या उद्योगाला, नव्या तंत्रज्ञानाला आणि शिकलेल्या पण खिशात पैसा नसलेल्या नव्या माणसाला. मग जागतिक बँकेच्या मदतीने चार संस्थांना बळ मिळालं. टीडीआयसीआय, कॅनरा बँकेची कंपनी, हैदराबादेत आंध्रच्या महामंडळाची आणि १९९० साली आपल्या अहमदाबादेत गुजरात व्हेंचर फायनान्स.

मला हे कळलं एका सेमिनारमध्ये. तिथे एक शब्द पहिल्यांदा ऐकला, 'कंडिशनल लोन'. शर्तीचं कर्ज म्हणा. त्याला व्याज नाही. माल विकायला लागला की विक्रीवर ठरलेले टक्के, दोनपासून पंधरापर्यंत, रॉयल्टी द्यायची. विक्री नाही तर देणं नाही. चहाच्या सुट्टीत मी कागदावर भाऊंचा हिशोब मांडला. पाच टक्के धरले तर तीन लाख वीस हजारांच्या विक्रीवर सोळा हजार. आम्ही मागत होतो ८१ हजार. तो कागद पुढे बरीच वर्षं माझ्या पाकिटात होता, घड्या फाटेपर्यंत.

अमेरिकेत हे सगळं आधी होऊन गेलं होतं हे मग वाचनातून कळलं. १९४६ साली बोस्टनला जॉर्ज डोरिओ या हार्वर्डच्या प्राध्यापकाने अशी कंपनी चालवायला घेतली. १९५७ साली तिने डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत सत्तर हजार डॉलर घातले आणि त्याचे पुढे कोट्यवधी झाले. बाकीच्या गुंतवणुका मिळूनही तेवढं आलं नाही. मला जास्त जवळचा वाटला तो आर्थर रॉक. न्यूयॉर्कला हेडन स्टोन या दलालपेढीत नोकरीला. १९५७ साली त्याच्याकडे कॅलिफोर्नियाच्या काही शास्त्रज्ञांचं पत्र पोचलं. त्यांना आपल्या साहेबाला सोडून एकत्रच कुठेतरी नोकरी हवी होती. रॉकने सांगितलं, नोकरी कसली शोधता, कंपनी काढा. तो त्यांच्यासाठी तीसेक कंपन्यांची दारं ठोठावत फिरला, सगळीकडून नकार. शेवटी शेर्मन फेअरचाइल्डने पैसा दिला आणि फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर निघाली. १९६१ साली रॉक न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि टॉमी डेव्हिसबरोबर स्वतःची फर्म काढली. फेअरचाइल्ड काढणाऱ्यांपैकी दोघांनी १९६८ मध्ये इंटेल काढली तेव्हा अडीच मिलियन डॉलर उभे करून देणारा हाच. रॉक काही इंजिनीअर नव्हता, आपल्यासारखाच आकड्यांचा माणूस. पण पत्र पुढे आल्यावर त्याने तारण मागितलं नाही.

१९९१ साली मी नोकरी सोडली आणि नव्यानेच निघालेल्या एका व्हेंचर कंपनीत गेलो. पंधरा वर्षं झालेली, पेन्शन पुरती पिकलेली नाही, मुलगी सातवीत. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. शेजारच्या शहाकाकांनी जिन्यात गाठून विचारलं, "नोकरी छोडी दीधी? तमे मराठी थईने?" मराठी असून नोकरी सोडली याचंच त्यांना जास्त नवल. बायको मात्र एवढंच म्हणाली, "झोप लागत नाही तुम्हाला चार वर्षं, मला दिसतंय. जा." ती शाळेत शिकवायची, तिचा पगार होता म्हणून हे धाडस झालं. लोक माझं कौतुक करतात तेव्हा ही गोष्ट राहून जाते.

नव्या ठिकाणी पहिले सहा महिने मी निरुपयोगी होतो. अर्ज आला की हात आपोआप शेवटच्या पानाकडे जायचा. तिथे तारणाचं पानच नसायचं. ताळेबंद मागावा तर कंपनीच अजून जन्माला आलेली नाही. मग बघायचं काय? मोठ्या साहेबांनी सांगितलं, माणसाबरोबर दिवसभर राहा. तो काय वाचतो, हाताखालचा माणूस त्याच्याशी उलट बोलू शकतो का, चूक झाली तर आधी कोणाला सांगतो, गिऱ्हाइकाचं नाव घेताना त्याच्या तोंडून किंमत येते की अडचण. आणि स्वतःला एकच प्रश्न विचार, हा यशस्वी झाला तर केवढा होईल? कर्जवाल्याला हा प्रश्न सुचतच नाही, कारण त्याचं उत्तर काहीही आलं तरी व्याज तेवढंच.

दुसरी गोष्ट शिकायला जास्त वेळ लागला. कर्जखात्यात दहापैकी एक खातं बुडालं की चौकशी लागते. इथे दहापैकी चार-पाच बुडणार हे धरूनच बसायचं. मला ते सहन होत नसे. पहिली कंपनी बंद पडली तेव्हा मी आठवडाभर खुलासा लिहीत होतो. कोणी मागितलाच नव्हता.

डिसेंबर १९९६ मध्ये सेबीचे व्हेंचर कॅपिटल फंडांचे नियम आले. ट्रस्ट काढून नोंदणी करायची, आणि एका गुंतवणूकदाराकडून पाच लाखांपेक्षा कमी घ्यायचे नाहीत. तोपर्यंत असले फंड म्हणजे मुख्यतः सरकारी बँका आणि महामंडळांचं काम. आता दोन सहकारी आणि मी, अशा तिघांनी ठरवलं, आपलाच छोटा फंड काढू, बडोद्यातून, बडोद्याच्या पैशावर. फर्मचं नाव लिहीत नाही, भागीदारांच्या घरच्यांना आवडणार नाही.

पैसे जमवायला वर्ष गेलं. आधी साहजिकच आपल्या लोकांकडे गेलो. चहा, पोहे, कौतुक, "मराठी माणसाने हे करायलाच हवं" वगैरे. मग, "माझे सगळे बँकेतच असतात हो." राग नाही आला. मीही तेच म्हणालो असतो. पाच लाख रोकडे बाजूला असणारी मराठी घरं तेव्हा बडोद्यात होती तरी किती? आपल्याकडे वाडे होते, दागिने होते, पेन्शनी होत्या. एक निवृत्त प्राध्यापक मात्र प्रॉव्हिडंट फंडाचे पाच लाख घेऊन आले. चेक लिहून आणला होता. मी घेतला नाही. आठ-नऊ वर्षं पैसा अडकणार, बुडालाही असता. ते दुखावले. "मी मराठी म्हणून मला लहान समजतोस का?" असं काहीसं बोलून निघून गेले. पुन्हा तेच, म्हातारपणाचा एकुलता एक आधार माझ्या टेबलावर. या वेळी सही केली नाही इतकंच.

पैसे दिले ते रसायनांच्या व्यापाऱ्यांनी, दोन डॉक्टरांनी आणि अमेरिकेतून परत आलेल्या एका पटेल बंधूंनी. एका शेठजींशी झालेलं बोलणं जसंच्या तसं आठवतं.

"व्याज केटलुं आपशो?"

"व्याज नथी, शेठ."

"तो पाछा क्यारे आवशे?"

"कदाच नव वरसे. कदाच नहीं."

ते हसले, म्हणाले की असं खरं बोलणारा मागायला आलेला पहिलाच, आणि दहा लाख लिहून दिले. व्यापाऱ्याचं डोकं वेगळं चालतं. माल बुडणं, भाव पडणं हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जेवणाच्या ताटावर बोललं जातं. आमच्या ताटावर महागाई भत्त्याचं बोललं जायचं.

एकूण जमले चार कोटी वीस लाख. व्यवस्थापनाचे वर्षाला दोन टक्के, म्हणजे आठ लाख चाळीस हजार, महिन्याला सत्तर हजार. त्यात तीन भागीदार, एक हिशोबनीस, रावपुऱ्यातल्या ऑफिसचं भाडं, ऑडिट, वकील, प्रवास. मी घरी नऊ हजार न्यायचो. आधीच्या नोकरीत टिकलो असतो तर याच्या दीडपट मिळाले असते. वर नफ्यातला वीस टक्के वाटा ठरलेला होता, पण तो गुंतवणूकदारांना किमान परतावा पोचल्यानंतरच.

आता भाऊ. १९९८ साली मी तरसालीला त्यांच्या घरी गेलो. दहा वर्षांत पहिल्यांदा. काकू गेल्या होत्या, फोटोला हार होता. मी म्हटलं, तुमचं उपकरण आता पुन्हा करा, नव्या तऱ्हेचं, पैसा आम्ही घालतो, तारण नाही, व्याज नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "मग काय घेणार?" "तीस टक्के भाग." ते मोठ्याने हसले. "तेव्हा घर घेतलंत, आता कारखाना घ्यायला आलात?"

मी उठायला लागलो तर म्हणाले, बसा, चहा होतोय. तापमानाच्या उपकरणांची वेळ गेली, आता ती तैवानहून स्वस्तात येतात, यात पैसा घालाल तर बुडाल. दुसरं कोणी घेऊन आलं तरी घालू नका. मग माझ्या पिशवीतला दुसऱ्याच एका कंपनीचा प्रस्ताव त्यांनी मागून घेतला, चष्मा लावला आणि वीस मिनिटांत तीन चुका काढल्या. त्या आम्हा तीन हिशोबवाल्यांना जन्मात दिसल्या नसत्या. त्यानंतर सात वर्षं आमच्याकडे आलेला तांत्रिक प्रस्ताव भाऊंनी तपासल्याशिवाय पुढे गेला नाही. प्रत्येक तपासणीचे दोन हजार रुपये घ्यायचे, पावती देऊन. कधी जास्त घेतले नाहीत, कधी सोडलेही नाहीत. वाड्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

आम्ही नऊ कंपन्यांत पैसा घातला. चार गेल्या. त्यातली एक २००१ च्या मंदीत, सॉफ्टवेअरची, दोन मोठी गिऱ्हाइकं एका महिन्यात तुटली. चारांनी मुद्दल आणि थोडंफार दिलं. एकच चालली, औषध कारखान्यांना तपासणीची यंत्रं पुरवणारी. तिच्यात आम्ही पंचेचाळीस लाख घातले होते, त्याचे पाच कोटींच्या वर आले. ती कंपनी भाऊंनीच निवडलेली. मी विरोधात होतो, मला तो तरुण उद्धट वाटला होता.

आणि एक गोष्ट, जी सांगायला वाड्याइतकीच जड जाते. मुद्दल परत दिलेल्या चारांपैकी एका कंपनीत संस्थापकालाच आम्ही दूर केलं. माल चांगला करायचा पण पैसे वसूल करायला लाजायचा, सहा महिन्यांची उधारी साचली. बोर्डात आमची मतं जास्त होती. हात वर करून ठराव झाला आणि त्याच्या जागी दुसरा माणूस आणला. कंपनी वाचली, तीस माणसांच्या नोकऱ्या वाचल्या. पण दाराबाहेर पाटी बदलत होते तेव्हा तो तिथेच स्कूटरला किक मारत उभा होता. स्कूटर लवकर चालू होईना. त्या रात्री मी पुन्हा झोपलो नाही. तारण न घेणाऱ्याच्या हातातही सत्ता असतेच, फक्त ती करारात दुसऱ्या पानावर लिहिलेली असते.

२००७ मध्ये फंड मिटवला. चार कोटी वीस लाखांचे सगळं मिळून सात कोटींच्या आसपास परत गेले. ऐकायला बरं वाटतं, पण १९९७ साली बँकेच्या मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. हिशोब तुम्हीच करा. आमच्या वाट्याचे वीस टक्के आलेच नाहीत, किमान परतावाच गाठला गेला नाही. दहा लाखवाल्या शेठजींना शेवटचा चेक द्यायला गेलो तेव्हा त्यांनी रक्कम बघितली, चेक ड्रॉवरमध्ये टाकला आणि विचारलं, "बीजो फंड क्यारे?" दुसरा फंड मी काढला नाही. माझ्या दोघा भागीदारांपैकी धाकट्याने काढला, अहमदाबादेत, आणि तो चांगला चालला.

त्या एका चाललेल्या कंपनीत आज चारशेच्या वर माणसं आहेत, मकरपुऱ्यातच. भाऊ २०१४ मध्ये गेले. वाडा होता तिथे आता चार मजली इमारत आहे, खाली एक एटीएम. परवा त्यात पैसे काढायला उभा होतो, रांगेत पुढे एक मुलगी फोनवर आईला गुजरातीमिश्रित मराठीत समजावत होती की ती नोकरी सोडून कसलंसं अॅप काढतेय आणि पैसे देणारे बंगलोरचे आहेत. आई पलीकडून काय म्हणत असेल हे ऐकू आलं नाही, पण अंदाज होता.

जाता जाता एक विनंती. कोटिभास्करांबद्दल कोणाच्या घरी काही ऐकीव गोष्टी, पत्रं, कलाभवनातला एखादा गटाचा फोटो असेल तर जरूर कळवा. अमीन घराण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, गज्जरांबद्दलही. त्यांच्याबद्दल मला फार थोडं सापडलं. आणि ज्यांचा तो वाडा होता त्या घरातलं कोणी हे वाचत असेल, तर माझा नंबर तुमच्याकडे आहे. मी घरीच असतो.